मुंगीचा कोट

माझी मावशी कुणालाही भेटली की आधी त्याच्या कपड्यांची आतली बाजू बघते, चेहरा नंतर. एकदा बँकेत आमचं काम होतं. हिने काचेखालच्या फटीतून हात घातला, पलीकडच्या कारकुनाच्या बाहीची कड उलटी केली आणि म्हणाली, "अहो, ही तुरपाई महिनाभरसुद्धा टिकायची नाही." कारकून बिचारा हात मागे घेऊन बसला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मावशी घरी पोचेपर्यंत एकच धरून बसली होती, "बघितलंस ना? एका इंचात तीन टाके! तीन!"

एका इंचात बारा टाके म्हणजे बरे, पंधरा म्हणजे चांगले, आणि दिसले तर एकही चांगला नाही, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. घरात आम्ही तिघी: आई, मी आणि आईची ही धाकटी बहीण. मावशीने लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. फक्त आई विचारायची, आणि तिला दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "वेळ कुठाय?"

वेळ खरंच नव्हता. ती एका मोठ्या डिझायनरकडे कामाला होती. तयार कपड्यांचं दुकान नव्हे ते. एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने एकेक कपडा हाताने शिवून देणारं ठिकाण. चार मजल्यांची इमारत. तळमजल्यावर गालिचे, आरसे आणि हळू आवाजात बोलणारी माणसं. सगळ्यात वर, उत्तरेच्या खिडक्यांखाली, शिवणघर. तिथे सहा लांब मेजं, वाफेच्या इस्त्र्या आणि भिंतीशी रांगेने उभे केलेले कापडी पुतळे. प्रत्येक पुतळा एकेका गिऱ्हाइकाचा, कापूस भरून त्याच्या मापाला आणलेला. खाली एखादी बाई जाड झाली की वर तिच्या पुतळ्याला कापूस चढायचा. त्यामुळे शिवणघराला सगळ्यांची गुपितं ठाऊक असायची आणि ती सांगायला कुणी नसायचं, म्हणून सगळ्यात जास्त हसणं त्याच मजल्यावर चालायचं.

मावशीला तिथे मुंगी म्हणत. ती बुटकी, कामात गढलेली आणि तोंडातून चकार शब्द न काढणारी. सव्वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या कपड्यांचा शेवट करत होती. एकजण कापायचा, दुसरी कच्चे टाके घालायची, तिसरी शिवायची आणि सगळ्यांचं झालं की कपडा मुंगीकडे यायचा. घेराची तुरपाई, अस्तर, काजं, हूक. म्हणजे काम असं, की ते चांगलं झालं तर कुणाला दिसूच नये. आणि तिचं कुणालाच दिसायचं नाही. एक संपूर्ण कपडा, पहिल्या कात्रीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत, तिला कधी मिळाला नव्हता.

प्रत्येक मेजाला एक मुख्य असे. डिझायनरबाई कापड थेट त्याच्या हातात देत आणि कोणी काय शिवायचं ते तो ठरवे. दहा वर्षांपूर्वी खिडकीजवळच्या मेजाची जागा रिकामी झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मुंगीच. पण बाईंनी बाहेरून एकजण आणून बसवली. त्या दिवशी मावशी घरी आली, हातपाय धुतले, चहा घेतला. आईने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." तिच्या वाटणीचा राग मग आईनेच केला. भांडी अशी आपटली की शेजारीण दाराशी आली. मावशी मात्र खिडकीशी बसून माझ्या शाळेच्या फ्रॉकचा घेर उसवत होती. आईने घातलेले टाके तिला दिसले होते ना!

आता ती बाहेरून आणलेली मुख्य आपल्या लेकीकडे परगावी राहायला निघाली आणि मेज पुन्हा रिकामं होणार होतं. या वेळी नावं दोन होती. एक मुंगी. दुसरे झगमगकाका, मणी-टिकल्यांचं भरतकाम करणारे. माणूस सोन्यासारखा, पण हातात रुमाल दिला तरी त्यावर चार मणी टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बाई दोघांना म्हणाल्या, "नव्या कलेक्शनमधला एकेक नग तुम्ही दोघांनी एकट्याने शिवा. मेज कुणाचं, ते शो झाल्यावर सांगेन."

मावशीने ही बातमी घरी दोनदा सांगितली. दोनदा! जी बाई "मीठ दे" हेसुद्धा हाताच्या खुणेने सांगते, ती आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरत होती. "अख्खा कोट, ताई. कापायचापण मीच." आई म्हणाली, "मग काप की. माझी वाट सोड आधी." पण आईचेही डोळे चमकत होते. मी तर लगेच मेज मिळाल्याच्या थाटात नाचायला लागले. माझा स्वभावच असा, काही व्हायच्या आधी मी होऊन मोकळी.

त्या वर्षी बाईंच्या डोक्यात काहीतरी वेगळं शिरलं होतं. एरवी त्यांचा शो म्हणजे लखलखाट. या वेळी त्यांनी जाहीर केलं, मणी नाही, जर नाही, लेस नाही, फुलं नाहीत. बावीस नग, आणि बघणाऱ्याला नजर ठेवायला कापड आणि त्याची बेतणी यांपलीकडे काही मिळता कामा नये. "कपड्याने ओरडायचं नाही," त्या म्हणाल्या. "बाई आत आली की लोकांनी बाईकडे बघावं, आणि ती गेल्यावर त्यांना कळावं की ती काय घालून आली होती." शिवणघरात यावर दोन तट पडले. निम्मे म्हणाले, बाईंचं वय झालं. निम्मे म्हणाले, बाईंना आता कुठे अक्कल आली. झगमगकाका तीन दिवस जेवले नाहीत म्हणतात, पण त्यांच्या पोटाकडे बघून तसं वाटत नव्हतं.

मावशीच्या वाट्याला राखाडी कोट आला. कापड दुहेरी लोकरीचं. म्हणजे दोन पातळ थर मधल्या बारीक दोऱ्यांनी एकमेकांना बांधलेले. असा कोट शिवताना प्रत्येक कडेला ते दोन थर पात्याने सोडवायचे, बाहेरचा थर बाहेरच्याला जोडायचा आणि मग आतल्या थरांच्या कडा दुमडून, एकमेकींना भिडवून, हाताने बंद करायच्या. अस्तर लागतच नाही. कोट आतून बाहेरून सारखा. पण आतली प्रत्येक शिवण हाताची, आणि एक टाका जरी आखडला तरी बाहेर सुरकुती. मावशीने आधी मांजरपाटाचा नमुना केला, तो बसवला, फाडला, पुन्हा केला. घरी जेवताना तिचा अंगठा तर्जनीवर आपोआप सरकत असायचा, हवेतल्या हवेत शिवण दाबत.

पहिल्या फिटिंगला कोटाला कॉलर होती, दोन खिसे होते, पट्टा होता आणि आठ काजं. एकेक काज करायला मावशीला दीड तास लागला होता. बाईंनी पुतळ्याभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाल्या, "छान. आता काय काढू या?"

खिसे गेले. दुसऱ्या फिटिंगला पट्टा गेला. तिसऱ्या फिटिंगला बाईंनी एक बटण लावलं, सोडलं आणि म्हणाल्या, "बटणं." बटणं गेली म्हणजे काजं गेली, आणि काजं काही खोडरबराने पुसता येत नाहीत. कोटाचा समोरचा उजवा पल्ला नव्याने कापावा लागला. तो आधीपेक्षा रुंद घेतला, म्हणजे डाव्या पल्ल्यावर नुसता येऊन पडेल आणि घालणारी तो हाताने धरेल. चौथ्या फिटिंगला कॉलर गेली. मी त्या संध्याकाळी मावशीला न्यायला गेले होते आणि हे ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आता बाह्या काढा म्हणावं! मग गोधडी म्हणून वापरता येईल!"

मावशी म्हणाली, "गप. तू बघितला नाहीस तो." आणि तिने मला हाताला धरून पुतळ्यापुढे नेलं.

खरं सांगते, मी काहीतरी चुरचुरीत बोलायच्या तयारीनेच गेले होते. पण ते तिथेच विसरले. त्या कोटात बघायला काही नव्हतं आणि नजर हलत नव्हती. खांद्यावरून खाली एकच रेघ उतरत होती, मध्ये कुठे अडखळत नव्हती. मुंढ्यापाशी बाही कुठे सुरू होते ते बोट फिरवून शोधावं लागत होतं. मी हळूच विचारलं, "तू केलास हा?" मावशीने मान डोलावली आणि हसली. दात दाखवून हसली. हे आमच्याकडे वर्षातून एखाद वेळी घडतं.

झगमगकाकांनी एक पांढरा लांब झगा केला होता. तोही सुरेख होता, मान्य करायला हवं. फक्त शेवटच्या फिटिंगला मॉडेल चालताना फरशीवर टिक, टिक, टिक असा आवाज यायला लागला. बाईंनी हात वर केला. सगळे थांबले. झग्याचा घेर उलटा करून बघितला तर आत, दुमडीमध्ये, एक मणी. एकच. हरभऱ्याएवढा. काका लाल झाले. "बाई, तो आतून आहे. कुणाला दिसत नाही." बाई म्हणाल्या, "ऐकू येतोय." त्यानंतर पंधरा दिवस शिवणघरात कुणीही काकांच्या जवळून गेलं की जिभेने टिक टिक करायचं. काकासुद्धा हसायचे. पण मेज त्यांनाही हवंच होतं, आणि झगा शोमध्ये होताच.

शो दुपारी चारला, जुन्या टपाल कचेरीच्या मोठ्या हॉलमध्ये. मी तेव्हा एका बालवाडीत शिकवत होते, पण शोच्या दिवशी मावशीच्या शब्दावर मला मॉडेलना कपडे चढवायचं काम मिळायचं. मी ते आवडीने करायची. तीन वर्षांच्या पोरांना स्वेटर घालण्यापुढे ते काहीच नाही, निदान मॉडेल रडत तरी नाहीत. हॉलच्या मागे टपाल वाटायची खोली होती. भिंतीभर पत्रांचे लाकडी कप्पे, त्यांत आम्ही बूट ठेवले होते. सकाळी दहापासून तिथे नुसती धांदल. इस्त्रीची वाफ, टाचण्या, "माझी कात्री कुणी घेतली" अशी दर पाच मिनिटांनी बोंब. मला तर एवढं भरून आलं होतं की मी उगाचच सगळ्यांना पाणी विचारत सुटले होते.

इथे शिवणघराची एक रीत सांगायला हवी. प्रत्येक नगाच्या आतल्या बाजूला, मानेखाली, पांढऱ्या दोऱ्याची एक फुली असे. ज्याने नग शिवला त्यानेच ती काढायची, आणि तीही मॉडेल पडद्याशी उभी राहिली की मगच. तोवर ती फुली राहायची. इतर कपड्यांना तिची फारशी गरज नसते, अस्तर बघून आंधळ्यालाही उलटं-सुलटं कळतं. दुहेरी लोकरीच्या कोटाला मात्र तेवढीच एक खूण.

साडेदहाला बाई शेवटची तपासणी करत आल्या. चष्मा नाकावर, हात पाठीमागे. एकेका नगापाशी थांबत होत्या. प्रत्येक नगाशेजारी तो शिवणारा उभा, श्वास रोखून. बाई कोटापाशी आल्या, त्यांनी मानेकडची कड बोटाने जरा उचलली, आणि त्याच क्षणी मावशीला तिथे पांढरा दोरा दिसला. सव्वीस वर्षं जिने दिसणारा दोरा जगू दिला नाही, तिचा हात तिला न विचारता पुढे गेला. चिमटीत धरला, ओढला, काढला. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. त्या "हं" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मावशीने दोरा मुठीत गुंडाळला आणि मग तिला बाईंच्या त्या "हं"शिवाय दुसरं काहीच सुचेना. बाईंचं "हं" म्हणजे मोठी शाबासकी होती. ती धावत माझ्याकडे सांगायला आली, "हं म्हणाल्या!" दोऱ्याचं सांगायचं राहून गेलं.

साडेअकराला तालीम झाली. कोटवाली मॉडेल परत आली आणि घाईत असल्यामुळे तिने तो खांद्यांवरून मागे टाकून, बाह्या उलट्या ओढत काढला, जसा कुणीही काढतं. माझ्या हातात दिला. मी हँगरला लावला. तो उलटा लावतेय असं मला कशावरून कळणार? शिवण म्हणावी तर दोन्हीकडे केसाएवढी रेघ. कॉलर नाही, खिसा नाही, बटण नाही. फुली दिसेना, तर मी म्हटलं, आतल्या बाजूला असेल. कड उलटून बघायला हवी होती. बघितली नाही. माझी चूक मी लपवत नाही.

चार वाजता हॉलमधले दिवे मंद झाले.

आम्हा मागच्या लोकांना हॉलमध्ये जायची परवानगी नव्हती. कोपऱ्यात एक टीव्ही लावला होता, त्यावर बघायचं. पहिला नग गेला. एरवी पहिल्या नगालाच टाळ्या पडत. या वेळी काही नाही. दुसरा गेला. काही नाही. पाचवा, सहावा. माणसं बसली होती आणि गप्प होती. झगमगकाका माझ्या कानाशी म्हणाले, "मेलो. चार मणी असते तर." त्यांचा झगा चौदावा गेला, शांततेतच. माझे हात कपडे चढवत होते आणि डोळे टीव्हीकडे होते. मग एकदा टीव्हीवर मला पहिली रांग दिसली. सगळेजण पुढे झुकले होते. दाराआडचं बोलणं ऐकायला झुकतात तसे. हातातल्या वह्या मांडीवर पडल्या होत्या, कुणी लिहीत नव्हतं. मी काकांच्या पाठीत थाप मारली. "अहो, मेलो काय! बघतायत ते! बघतायत!"

शेवटचा नग राखाडी कोट. मी मॉडेलच्या हातात बाह्या घातल्या, खांदे बसवले, पल्ला तिच्या हातात दिला. मावशी पडद्याशी यायला हवी होती फुली काढायला. आली नाही, कारण फुली तिने सकाळीच काढली होती. ती टीव्हीसमोर स्टुलाच्या टोकावर बसली होती. पडदा बाजूला झाला. मॉडेल गेली. मी धावत जाऊन मावशीशेजारी उभी राहिले.

देवा रे, काय दिसत होता तो कोट! तिच्याबरोबर चालत नव्हता, अर्धं पाऊल मागून येत होता. ती वळली की क्षणभर थांबून मग तो वळायचा. हॉलमध्ये एक खुर्ची करकरली, मग दुसरी. लोक उभे राहत होते. मी मावशीचा हात दाबला.

"उलटा," मावशी म्हणाली.

"काय?"

"कोट उलटा गेलाय. पल्ला बघ."

मी बघितलं. मॉडेलने डावा पल्ला उजव्यावर धरला होता. रुंद पल्ला डावीकडे आला होता, आणि तो डावीकडे यायचा एकच मार्ग होता. माझ्या डोळ्यांपुढे हँगर आला, उलट्या ओढलेल्या बाह्या आल्या. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. अशा टाळ्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. भिंतीतल्या कप्प्यांमधले बूट थरथरत होते. लोक ओरडत होते. मागच्या खोलीत सगळे एकमेकांना मिठ्या मारायला लागले. झगमगकाका तर रडायलाच लागले आणि "कोट! कोट!" म्हणत मावशीला गदागदा हलवायला लागले.

मी मावशीच्या कानात म्हटलं, "कुणाला कळलं नाहीये. ऐक माझं. कुणालाच कळलं नाहीये."

ती टीव्हीकडे बघत होती. तिथे तिच्या कोटाची आतली बाजू दिसत होती, तिच्या हाताची प्रत्येक शिवण, आणि शंभर दिव्यांत एकही टाका दिसत नव्हता.

बाई धावत आत आल्या. साठीची ही करडी बाई, चष्मा केसांत अडकलेला, नाक लाल. त्यांनी सगळ्यांसमोर मावशीचे दोन्ही हात धरले. "त्यांनी कोट पुन्हा मागवलाय. पुन्हा बघायचाय सगळ्यांना. मेज तुमचं. उद्यापासून. ऐकलंत का सगळ्यांनी? खिडकीचं मेज यांचं!"

मी किंचाळलेच. काकांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या, मोठ्या मनाने वाजवल्या. आणि त्या गलक्यात मावशी म्हणाली, "बाई, कोट उलटा होता."

काका कळवळून म्हणाले, "अगं मुंगे, गप्प बस की!"

पण खोली आधीच गप्प झाली होती. बाईंनी तिचे हात सोडले. "उलटा म्हणजे?"

"आतली बाजू बाहेर. खुणेचा दोरा मी सकाळीच काढला होता. तुम्ही बघायला आलात तेव्हा. मग कुणाला कळणार कसं?"

"मी लावला हँगरला," मी म्हटलं. "कड उलटून बघितली नाही मी. माझी चूक आहे."

"तिचं माझं घरी बघू आम्ही," मावशी म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मॉडेल अजून कोट घालूनच उभी होती. बाईंनी तो तिच्या अंगावरून उतरवला, बुटांच्या खोक्यावर बसल्या आणि चष्मा डोळ्यांवर ओढून शिवण बघायला लागल्या. ही बाजू बघितली, ती बघितली. नखाने रेघ चाचपली. पुन्हा उलटा केला. बाहेर टाळ्या चालूच होत्या, कुणीतरी दारातून डोकावून "बाई, वाट बघतायत" म्हणालं, तर त्यांनी नुसता हात वर केला.

"मी समोरच्या पडद्याआडून बघत होते," त्या शेवटी म्हणाल्या. "माझा कोट. प्रत्येक फिटिंग मी केलेलं. मला कळलं नाही." मग त्यांनी मान वर केली. "तुम्ही बोलला नसता तर जन्मात कुणाला कळलं नसतं. मेज दिलं होतं मी. का सांगितलंत?"

"चुकलेलं होतं ना," मावशी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

बाईंनी कोट मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात ना राग होता ना हसू, "मग तुम्हीच सांगा आता. वेळेआधी खुणेचा दोरा काढणाऱ्या बाईला मी मेज द्यायचं का?"

माझा जीव टांगणीला लागला. मला ठाऊक होतं ती काय म्हणणार. "तुमची मर्जी." आयुष्यभर तिने सगळ्यांना हेच उत्तर दिलं होतं, आईला, घरमालकाला, दवाखान्यात, या इमारतीत तर रोज. मी मनातल्या मनात तिला शिव्या द्यायला सुरुवातही केली होती.

मावशी स्टुलावरून उठली. उठली तरी ती बसलेल्या बाईंपेक्षा वीतभरच उंच. तिने सुई लागू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढलं, पुन्हा घातलं.

"द्यायचं," ती म्हणाली. "दोरा काढला ती माझी चूक. ती मी मान्य केली. पण मेज माझं आहे, बाई. त्या मेजावरून जो कपडा गेला त्याचा शेवट मी केलाय, सव्वीस वर्षं. ते तुम्ही मला दहा वर्षांपूर्वीच द्यायला हवं होतं."

तिचा आवाज एवढा चढला होता की पडद्यापाशी उभे असलेले लोक वळून बघायला लागले. तिची मान खाली गेली नव्हती. बाहेर लोक अजून कोट मागत होते.

बाई खोक्यावरून उठल्या. त्यांनी कोट सुलटा केला, मॉडेलच्या खांद्यांवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हो. चुकलं माझं."